कोयीतून उगवतो तो आंबा निराळाच

रत्नागिरी जिल्ह्यातल्या माझ्या आजोळी विहिरीपाशी एक रायवळ आंबा होता. फळ लहान, रस पातळ, पण गोडीला किंचित आंबूस कड. चार वर्षांपूर्वी त्याचे खोड आतून पोखरलेले आढळले. "कोय लावून ठेवू या," मी म्हणालो. मामा हसले. "अरे, कॉलेजात शिकवतोस ना तू? कोयीतून हाच आंबा येईल असं कुणी सांगितलं तुला?"

मामांचे बरोबर होते. आंब्याच्या फुलावर बहुधा दुसऱ्याच झाडाचे पराग पडतात. म्हणजे कोयीतल्या गर्भाचे निम्मे गुण कुठल्या झाडाचे, ते आपल्याला ठाऊक नसते. (दक्षिणेकडच्या काही जातींत एका कोयीतून अनेक रोपे येतात आणि त्यांतली बरीचशी हुबेहूब आईसारखी निघतात, पण आपल्याकडचे बहुतेक आंबे तसे नाहीत.) तेव्हा प्रत्येक रायवळ झाड जगात एकुलते एक. ते टिकवायचे तर त्याची काडी दुसऱ्या रोपावर जोडायला हवी.

यासाठी कोकणात 'कोय कलम' करतात. पावसाळ्यात ताज्या कोयी रुजत घालतात. रोप दहा-पंधरा दिवसांचे, तांबूस पानांचे असतानाच ते कोयीसकट उचलायचे. कोयीपासून सात-आठ सेंटिमीटरवर शेंडा छाटून खोड मधोमध चार सेंटिमीटर चिरायचे. हव्या त्या झाडाची तेवढ्याच जाडीची, तीन-चार महिने वयाची काडी घेऊन तिला पाचरीसारखा आकार द्यायचा, ती चिरेत बसवायची आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधून रोप पिशवीत लावायचे. काडीची पाने आठ-दहा दिवस आधीच, देठ ठेवून कापलेली असावीत. म्हणजे शेंड्याचा डोळा फुगतो.

सालीच्या आत कँबियम नावाचा अगदी पातळ थर असतो. नव्या पेशी तयार होतात त्या इथे. दोन्ही कँबियम एकमेकांना टेकले, तर जखमेतून वाढणाऱ्या पेशी फट भरून काढतात आणि पुढे त्यांतून पाणी वाहणाऱ्या नलिका जुळतात. याला दोन-तीन आठवडे लागतात. तोवर काडीला वरचे पाणी जवळजवळ नाहीच! साठा थोडा, आवक बंद. तेव्हा जावक रोखणे एवढेच आपल्या हाती. पाने कापतात ती यासाठीच. वर प्लॅस्टिकची अरुंद टोपी घालतात, कारण आतली हवा बाष्पाने भरली की बाष्पीभवन मंदावते.

हे सारे समजूनही पहिल्या वर्षी माझी वीसपैकी अठरा कलमे मेली. रोपांना ऊन हवेच, अशा समजुतीने पावसाची उघडीप मिळताच मी ती अंगणात ठेवली होती. काड्या काळ्या पडल्यावर मी टोपीत तापमापक घातला. बाहेर ३१ अंश सेल्सिअस, आत ४४! पॉलिथीन उष्णतेच्या किरणांना फारसे अडवत नाही, हे मी वर्गात शिकवतो. पण ते हवेला अडवते. तापलेली हवा वर निघून जाऊ शकत नाही, एवढे पुरते.

दुसरी चूक चाकूची. स्वयंपाकघरातली सुरी दाबली की धारेखालच्या पेशी चिरडतात. तोच जोर दाढीच्या पात्याच्या अतिशय बारीक धारेवर पडला की दाब कितीतरी पटींनी वाढतो आणि काप गुळगुळीत होतो. तुम्ही पाते वापराल तेव्हा मोठे माणूस जवळ असू द्या, आणि पाते स्वतःच्या अंगठ्याकडे कधीही ओढू नका. माझ्या अंगठ्यावर अजून वण आहे.

पुढच्या जुलैत एका रात्री झाड कोसळले. पाने आधी कापून काडी तयार करायला आता दहा दिवस कुठले? सकाळीच फांद्यांवरून निबर काड्या शोधल्या, पाने छाटली, ओल्या गोणपाटात गुंडाळल्या आणि मामा व मी संध्याकाळपर्यंत तीस कलमे बांधली. या खेपेला ती पडवीच्या सावलीत ठेवली. अठराव्या दिवशी पहिला तांबडा कोंब दिसला. अकरा जगली.

यंदा त्यांतल्या एकाला मोहोर आला. काडी जुन्या झाडाची, म्हणून रोप लहान असूनही ते फुलते. मी हरखून गेलो. मामांनी मात्र तो तिथल्या तिथे खुडून टाकला. "आधी मुळं धरू दे त्याला," म्हणाले.