कोटेशनच्या खालच्या ओळी

छोट्या गाडीच्या कोटेशनवर सगळ्यात वर एक्स-शोरूम किंमत असते आणि सगळ्यात खाली ऑन-रोड. साडेसहा लाखांची गाडी असेल तर या दोन आकड्यांत सहज लाखभराचं अंतर पडतं. बहुतेक गिऱ्हाईकं घासाघीस करतात ती वरच्या आकड्यावर. पैसे मात्र जातात मधल्या ओळींमध्ये.

जुळे सोलापुरात राहणाऱ्या एका शिक्षिकेचं जुनी गाडी देऊन नवी घेताना नेमकं हेच झालं. त्यांचे यजमान टॉवेलच्या धंद्यातले. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सुताच्या भावासाठी किलोमागे रुपया-दोन रुपयांवरून तासभर बोलणी करणारा हा माणूस शोरूममध्ये बसला आणि सेल्समनने पहिलाच प्रश्न टाकला, "साहेब, महिन्याला किती झेपेल?" यजमान बोलून गेले, "अकरा हजारांपर्यंत चालेल." पुढची सगळी बोलणी त्या अकरा हजारांभोवतीच फिरली. भरपूर ओढाताण करून पाच हजारांची सूट मिळाली, सीट कव्हर फुकट मिळाले, आणि घरची मंडळी समाधानाने पेढे घेऊन आली.

हिशेब कळला तो नंतर. कर्ज पाच लाखांचं, मुदत पाच वर्षांची, हप्ता ११,२५० रुपयांचा. "व्याज फक्त सात टक्के" असं सांगितलं होतं आणि ते खोटंही नव्हतं. पण ते सात टक्के फ्लॅट होते. म्हणजे हप्ते भरत गेलं, मुद्दल कमी होत गेलं, तरी व्याज मात्र पाचही वर्षं पूर्ण पाच लाखांवर लागत होतं. वर्षाला ३५ हजार, पाच वर्षांचे पावणेदोन लाख. बँका एरवी घटत्या शिलकीवर व्याज लावतात, त्या पद्धतीने मोजलं तर हा दर साडेबारा टक्क्यांवर जातो. तेच कर्ज घटत्या शिलकीवर नऊ टक्क्यांनी घेतलं असतं तर हप्ता १०,३७९ रुपये पडला असता आणि पाच वर्षांत ५२ हजारांवर रक्कम वाचली असती. पाच हजारांसाठी भांडताना बावन्न हजारांची ओळ कुणी वाचलीच नव्हती.

म्हणून बाई आता ओळखीच्या प्रत्येकाला पहिली गोष्ट ही सांगतात की शोरूममध्ये हप्त्याचा आकडा तोंडातून काढायचा नाही. आधी गाडीची किंमत पक्की करायची, कर्जाचं नंतर बघू म्हणायचं, आणि त्याआधी आपला पगार जिथे जमा होतो त्या बँकेत दर विचारून यायचं. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमाने प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर की फॅक्ट स्टेटमेंट द्यावं लागतं. त्यात सगळे खर्च धरून कर्जाचा वार्षिक दर छापलेला असतो. सही करण्याआधी तो कागद मागायचा. फ्लॅट दराची भूल त्या एका आकड्यासमोर टिकत नाही.

दुसरी ओळ विम्याची. "इन्शुरन्स आमच्याकडूनच घ्यावा लागेल, नाहीतर कॅशलेस होणार नाही," हे वाक्य बाईंनी तेव्हा ऐकलं आणि मान्य केलं. वास्तविक विमा कुठून घ्यायचा हे ठरवण्याचा हक्क ग्राहकाचा आहे. विमा नियामकाच्या नियमांनुसार विक्रेत्याला सक्ती करता येत नाही. कॅशलेस दुरुस्ती विमा कंपनी आणि गॅरेज यांच्या करारावर अवलंबून असते, पॉलिसी कुणाच्या टेबलावर फाडली त्यावर नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा २०१८ पासून सक्तीचा आहे आणि त्याचा हप्ता सरकारच ठरवतं. २०२२ च्या अधिसूचनेनुसार तो हजार सीसीपर्यंत ६,५२१ आणि हजार ते दीड हजार सीसीला १०,६४० रुपये, वर जीएसटी. हा भाग कुठेही घ्या, सारखाच. फरक पडतो तो गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या विम्यात आणि झीरो डेप, इंजिन प्रोटेक्ट अशा जोडण्यांमध्ये. तिथे कंपनीगणिक दर वेगळा, आणि विक्रेत्याचं कमिशनही तिथेच असतं. बाहेरून त्याच संरक्षणाचा लेखी भाव आणून टेबलावर ठेवला की शोरूमचा विमाही बहुधा खाली येतो.

याच ओळीत बाईंचं आणखी एक नुकसान झालं होतं, आणि ते मला सगळ्यात जास्त टोचतं, कारण ते कुणी हिसकावून घेतलं नव्हतं. माहितीच नव्हती म्हणून गेलं. त्यांच्या जुन्या गाडीवर कित्येक वर्षांत एकही क्लेम नव्हता. अशा वेळी विम्यात नो क्लेम बोनस साठतो, आणि सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो पन्नास टक्क्यांपर्यंत जातो. हा बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो. जुनी गाडी एक्स्चेंजला देताना विमा कंपनीकडून त्याचं प्रमाणपत्र घेतलं असतं, तर नव्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात निम्मी सूट मिळाली असती. जुनी गाडी गेली, तिच्याबरोबर बोनसही गेला.

जुन्या गाडीचा व्यवहार नव्या गाडीत मिसळू द्यायचा नाही, हेही त्यातूनच आलं. एकीकडे जुनीचा भाव वाढवून दाखवायचा आणि दुसरीकडे नवीवरची सूट काढून घ्यायची, हे अगदी सोपं असतं. कोटेशनवर जुनीची किंमत वेगळी, एक्स्चेंज बोनस वेगळा आणि नवीवरची सूट वेगळी लिहून घ्यावी. त्याआधी जुन्या गाड्यांच्या एक-दोन व्यापाऱ्यांकडून भाव काढून ठेवावा.

२०२५ साली बाईंच्या दिराने गाडी घ्यायची ठरवली, तेव्हा वहिनींनी सूत्रं हातात घेतली. ते वर्ष वेगळंच होतं. ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेने छोट्या गाड्यांवरचा कर १८ टक्क्यांवर आणायचा निर्णय घेतला आणि तो लागू झाला २२ सप्टेंबरला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी. चार मीटरपर्यंत लांबीच्या आणि बाराशे सीसीपर्यंतच्या पेट्रोल गाडीवर त्याआधी अधिभार धरून २९ टक्के कर होता. करापूर्वी पाच लाखांची असलेली गाडी ६,४५,००० वरून ५,९०,००० वर आली. पेट्रोल गाडीचा राज्याचा रस्ता कर दहा लाखांपर्यंत ११ टक्के. किंमत उतरल्याने तोही सहा हजारांनी घटला.

शोरूममध्ये मात्र दिरांना सांगण्यात आलं, "साठ हजारांची ऑफर आहे, आणखी काही कमी होणार नाही." वहिनींनी शांतपणे विचारलं, "यात सरकारने कमी केलेला कर किती आणि तुमची सूट किती? दोन वेगळ्या ओळींत लिहून द्या." लिहायला घेतल्यावर दुसऱ्या ओळीत काही उरलंच नाही, आणि खरी बोलणी तिथून सुरू झाली.

दिरांना गाडी दसऱ्यालाच हवी होती. सोलापुरात दसऱ्याला आणि पाडव्याला शोरूममध्ये पाय ठेवायला जागा नसते, आणि तारखेला बांधलेल्या गिऱ्हाइकाला सूट देण्याची कुणाला गरजही नसते. वहिनींनी बोलणी उरकली पितृपक्षात, शोरूम ओस पडलेलं असताना. भाव नव्या दराने लिहून, शिक्का मारून घेतला; टोकन दिलं घटस्थापनेला; गाडी घरी आली २ ऑक्टोबरला, दसऱ्याच्या दिवशी. मुहूर्त पाळला गेला आणि अडवणूकही झाली नाही. महिनाअखेर आणि डिसेंबर हेही असेच बोलणीचे दिवस. विक्रीचं टार्गेट गाठायची घाई तेव्हा पलीकडच्या बाजूला असते.

डिसेंबरची गाडी घेताना एक पथ्य आहे. पुढे विकताना गाडीचं वर्ष बघतात, महिना नाही. तेव्हा वर्षअखेरीच्या गाडीवर सूटही त्या मानाने घसघशीत हवी. कुठल्या महिन्यात बनली हे फॉर्म २२ वर लिहिलेलं असतं. पैसे भरण्याआधी चॅसी नंबर मागून ते पडताळून घ्यावं.

उरलेल्या ओळी बारीक, पण बेरीज मोठी. हँडलिंग चार्जेस हा सरकारचा कर नाही आणि सरकारी शुल्कही नाही; कशाचे, असं विचारून खोडायला लावावेत. हाय सिक्युरिटी नंबर प्लेट १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीबरोबर कंपनीनेच द्यायची आहे, तिचे वेगळे पैसे नाहीत. मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर यांचं "किट" घेणं बंधनकारक नसतं. याउलट कॉर्पोरेट डिस्काउंट आपण होऊन कुणी सांगत नाही. शिक्षक, सरकारी कर्मचारी, बँकवाले यांना तो बऱ्याच कंपन्या देतात, ओळखपत्र दाखवून विचारावं लागतं. दिरांना तो मिळाला, कारण वहिनींनी विचारलं.

रोखीचा एक धोका आहे. उसाचं बिल किंवा धंद्यातली रोकड घेऊन शोरूम गाठणारे आपल्या भागात अजूनही आहेत. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम एका व्यवहारात रोख घेण्याला २०१७ पासून आयकर कायद्याने बंदी आहे. रोखीत सूट देतो म्हणणाऱ्याचं ऐकू नये. पावती कमी रकमेची मिळाली तर पुढे दाद मागायला हातात कागद उरत नाही.

एकाच कोटेशनवर विसंबण्याचंही कारण नाही. त्याच गाडीचं दुसरं कोटेशन शहरातल्या दुसऱ्या विक्रेत्याकडून नाहीतर पुण्याहून मागवता येतं. राज्य एकच असल्याने रस्ता कर तोच, त्यामुळे फरक दिसतो तो विमा, सूट आणि किरकोळ ओळींचाच.

दिरांची गाडी घरी आल्यावर वहिनींनी तीन कागद जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी मांडले: टॅक्स इन्व्हॉइस, रस्ता कराची पावती आणि विम्याची पॉलिसी. इन्व्हॉइसवर जीएसटी १८ टक्केच आहे ना, पॉलिसीवरचा चॅसी नंबर गाडीवरच्या नंबराशी जुळतो ना, हे पाहिलं. आरटीओच्या नावाने घेतलेली रक्कम प्रत्यक्ष पावतीपेक्षा जास्त निघाली. त्यांनी दोन्ही कागदांचे फोटो जोडून शोरूमच्या मॅनेजरला ईमेल केला आणि फरक परत मागितला. तो दिरांच्या खात्यावर जमा झाला. झाला नसता तर पुढची पायरी त्यांच्याकडे तयार होती: राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक, आणि त्यानेही भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. तिथे वकील लागतोच असं नाही, स्वतः तक्रार मांडता येते.