नवा कॉम्प्युटर आला, पण पत्रकाचं बटण चालेना



एका ग्रामसंघाच्या कार्यालयात नवा कॉम्प्युटर आला. हळद-कुंकू वाहिलं, नारळ फुटला, आणि दुसऱ्याच दिवशी लेखापाल ताईंचा फोन आला, "मॅडम, मासिक पत्रकाचं बटण दाबलं तर काहीच होईना. जुन्यावर तर चालायचं!" तुमच्याही कार्यालयात असं होऊ शकतं, म्हणून हा पाठ. ज्या ताई कॉम्प्युटरला हात लावत नाहीत त्यांनीही वाचा, कारण त्यात आपल्याच कर्जाचा हिशोब असतो.

एक्सेलच्या फाइलमध्ये आपण गटांची बचत, कर्ज, परतफेड भरतो. बटण दाबलं की सगळ्या गटांचं पत्रक तयार होतं, ते काम मॅक्रो करतो. मॅक्रो म्हणजे कॉम्प्युटरला लिहून दिलेल्या सूचना. समजा तुम्ही सुनेला चिठ्ठी लिहिली, "दुसऱ्या फळीवरचा तिसरा डबा काढ." घर बदललं, फळ्या बदलल्या. चिठ्ठी तीच, पण डबा सापडत नाही. बऱ्याच वेळा बिघाड एवढाच असतो.

आधी फाइल नव्या कॉम्प्युटरवर कशी आली ते बघा. व्हॉट्सॲपवरून किंवा ईमेलवरून उतरवून घेतली असेल, तर वर लाल पट्टी दिसते आणि मॅक्रो बंद राहतो. बाहेरून आलेल्या फाइलमधून व्हायरस शिरतात, म्हणून मायक्रोसॉफ्टने 2022 पासून ही अडवणूक सुरू केली आहे. फाइल बंद करा, तिच्या नावावर उजवं क्लिक करा, प्रॉपर्टीज उघडा. खाली 'अनब्लॉक' लिहिलेलं असेल, तिथे टिक करून ओके दाबा. पट्टी पिवळी असेल तर 'एनेबल कंटेंट' दाबलं की झालं. पण हे फक्त आपल्याच फाइलला करायचं. कुणी सांगेल, "सेटिंगमध्ये जाऊन सगळेच मॅक्रो कायमचे चालू करून टाका." तसं अजिबात करू नका. घराचं दार सताड उघडं टाकून शेतावर जाण्यासारखं आहे ते.

फाइल कोणत्या प्रकारची आहे तेही त्याच प्रॉपर्टीजमध्ये कळतं. शेवटी एक्सएलएसएम हवं. घाईत कुणी एक्सएलएसएक्स म्हणून सेव्ह केली असेल तर त्या प्रतीतून मॅक्रो गेलाच. मग जुन्या कॉम्प्युटरवरची मूळ फाइल पुन्हा आणायची.

'रन-टाइम एरर 1004' असा डबा आला आणि त्यात फाइल सापडत नाही असं लिहिलं असेल, तर तो वरचा चिठ्ठीचा प्रकार. मॅक्रो जुन्या जागी, समजा डी ड्राइव्हमधल्या फोल्डरमध्ये शोधतोय आणि नव्यावर डी ड्राइव्हच नाही. 'डिबग' दाबलं की अडलेली ओळ पिवळी दिसते, त्यात बहुतेक वेळा फोल्डरचं नाव असतं. तिथे काही टाइप करू नका. मोबाइलवर फोटो काढा, वरचं चौकोनी 'रीसेट' बटण दाबा आणि फोटो फाइल बनवणाऱ्याला पाठवा. 64-बिटचा किंवा लायब्ररी सापडत नसल्याचा मेसेज आला तरी हेच करा, ते काम त्यांचंच आहे. आणि पत्रक छापतानाच अडत असेल, तर आधी नव्या कॉम्प्युटरला प्रिंटर जोडून घेतलाय का ते बघा. मी एकदा यात अर्धा दिवस घालवलाय.

आता खरी काळजीची गोष्ट. वरच्या बिघाडांत निदान काम अडतं, त्यामुळे कळतं तरी. तारखेचा बिघाड काही बोलत नाही, पत्रक सुरळीत निघतं आणि चुकीचं निघतं.

त्याच कार्यालयात झालेली गोष्ट. एका ताईंचा हप्ता 10 एप्रिलला होता. त्यांनी 5 एप्रिललाच भरला, पावती घेतली. पत्रकात मात्र त्या थकबाकीदार! 24 दिवस उशीर, वर दंड. बैठकीत नाव वाचलं गेलं तेव्हा त्या बिचाऱ्या रडायच्याच बाकी होत्या. कुणीही लबाडी केली नव्हती. नवा कॉम्प्युटर अमेरिकन पद्धतीवर होता, तिकडे महिना आधी आणि दिवस नंतर लिहितात. लेखापाल ताईंनी 05/04 टाइप केलं, कॉम्प्युटरने 4 मे धरलं.

तपासायला सोपं आहे. रिकाम्या चौकटीत 25/12/2025 टाइप करून एंटर दाबा. तारीख उजव्या कडेला गेली तर ठीक. डाव्या कडेलाच राहिली तर कॉम्प्युटरला ती तारीख वाटलेलीच नाही, कारण त्याच्या मते पंचविसावा महिना नसतो. मग एक्सेल बंद करा, विंडोजच्या सेटिंग्जमध्ये 'टाइम अँड लँग्वेज' उघडा, 'रीजन'मध्ये जाऊन फॉरमॅट 'इंग्लिश (इंडिया)' करा. एक लक्षात ठेवा, सेटिंग बदलल्यावर आधी चुकलेल्या नोंदी आपोआप सुधरत नाहीत. नवा कॉम्प्युटर आल्यापासूनच्या सगळ्या तारखा रोकड वहीशी ताडून पुन्हा भराव्या लागतात. 1 ते 12 तारखेच्या नोंदी जास्त जपून बघा, त्याच गुपचूप उलटतात. आम्ही त्या दिवशी दोघी बसलो, एक वाचायची, एक भरायची. त्या ताईंची थकबाकी शून्यावर आली. पुढच्या बैठकीत अध्यक्षा ताईंनी ते सगळ्यांसमोर वाचून दाखवलं आणि इतिवृत्तात लिहून घेतलं.

पंचसूत्रीत नियमित लेखे आहेत, ते वहीतलेसुद्धा. "आता कॉम्प्युटर आहे, वही कशाला?" असं काही गटांत ऐकू येतं. वही नसती तर वरची चूक आम्हाला सापडलीच नसती. गटातल्या कुठल्याही ताईने कार्यालयात जाऊन "माझ्या कर्जाचं पान दाखवा" म्हणावं आणि आपल्या पासबुकाशी जुळवावं. इंग्रजी येत नसलं तरी आकडे आणि तारखा वाचता येतात.

जुना कॉम्प्युटर लगेच विकू नका, फॉरमॅटही करू नका. निदान दोन महिन्यांची पत्रकं नव्यावर काढून वहीशी जुळू द्या. तोवर मूळ फाइलची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन कपाटात, शिक्क्यांच्या डब्याशेजारी ठेवा.