दहा हजार पावलं झालीच पाहिजेत का?

प्रश्न : वय ५८, नोकरी बैठी. मुलाने दिलेल्या घड्याळात रोज साडेचार हजारच पावलं दिसतात. दहा हजार होत नसतील, तर चालण्याचा उपयोग नाही का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उपयोग नक्की आहे, ताई. दहा हजारांचा आकडा मुळात दवाखान्यातून आलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचं मोजयंत्र, विकायला आलं आणि तोच आकडा रूढ झाला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सरासरी ७२ वर्षं वयाच्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रोज २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण बरंच कमी दिसलं. साडेसात हजारांनंतर फायदा फारसा वाढला नाही.

तुम्ही फक्त हजारभर पावलं वाढवा. ती दहाएक मिनिटांत होतात.

स्टेशनवरून घरी येताना रिक्षा एक चौक आधी सोडा. आठवड्याची भाजी एकदम भरण्याऐवजी रोज पिशवी घेऊन बाहेर पडा. फोन आला की उभं राहून गॅलरीतून दारापर्यंत फेऱ्या मारा. बहिणीशी गप्पा रंगल्या, तर हजार पावलं कधी झाली कळणारही नाही.

गुडघे दुखत असतील तर जिना टाळून सपाट रस्ता धरा. मधुमेह असेल तर अनवाणी चालू नका. चालताना छातीत दडपण, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवली, तर लगेच थांबा आणि डॉक्टरांना विनाविलंब दाखवा.