पाण्याची धार आणि दोन सेन्सर

चारी बाजूंना पाणीच पाणी असताना एखादं इंजिन पाणी न मिळाल्यामुळे बंद पडू शकतं का? तिसऱ्या वर्षाच्या मिनी-प्रोजेक्टआधी मला कोणी असं विचारलं असतं तर मी हसलो असतो.

माझ्या रूममेटचं घर वसई किल्ल्याजवळ, पाचूबंदरला. त्याच्या काकांची एक छोटी फायबरची होडी आहे. तिला आउटबोर्ड मोटर आहे, म्हणजे मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेलं इंजिन. मागच्या हिवाळ्यात खाडीच्या तोंडाशी ही मशीन अचानक थांबली. वेळ ओहोटीची. त्या वेळी वसईच्या खाडीचं सगळं पाणी समुद्राकडे धावत असतं आणि बंद पडलेली होडीही त्याच्याबरोबर जाते. नांगर धरला म्हणून निभावलं. दुसऱ्या होडीने ओढून आणेपर्यंत घरच्यांच्या जिवात जीव नव्हता. कारण काय निघालं? एक प्लास्टिकची पिशवी!

पाणी जातं कुठून?

कारला रेडिएटर असतो, आउटबोर्डला नसतो. ते बाहेरचंच पाणी वापरतं. खाली प्रोपेलरच्या वरच्या बाजूला एक जाळी असते. तिच्यातून रबरी पात्यांचा इंपेलर पाणी ओढतो आणि वर सिलिंडरभोवतीच्या पोकळीत ढकलतो. गरम झालेलं पाणी एक्झॉस्टच्या वाटेने पुन्हा खाली बाहेर जातं. त्यातलं थोडं पाणी बारीक धारेच्या रूपाने मागे पडताना दिसतं.

काकांचा नियम सोपा: "धार पडते ना, मग मशीन ठीक." नियम चांगला आहे, पण अपुरा आहे. एक तर जाळं ओढताना धारेकडे कोण बघणार? दुसरं म्हणजे, पंप पाणी वर पाठवतोय एवढंच धार सांगते. आत मीठ साचून सिलिंडरभोवतीची वाट अरुंद झाली तरी धार पडत राहू शकते. शिवाय खाडीचं पाणी गढूळ. त्यातली बारीक रेती रबरी पाती हळूहळू झिजवते आणि एक दिवस धार बारीक झालेली कोणाच्या लक्षातही येत नाही.

आमची पहिली चूक

आम्ही तापमानाचा सेन्सर धारेच्या नळीतच बसवला. काम सोपं, कुठे भोक पाडायला नको. मशीन पाण्याच्या ड्रममध्ये उभी करून चालू केली आणि काही क्षण जाळीवर प्लास्टिक धरलं. (हे जास्त वेळ करू नका. पाणी हेच इंपेलरचं वंगण, कोरडा फिरला तर तो लगेच जळतो.) धार थांबली, पण आमच्या डिस्प्लेवर तापमान वाढायच्या ऐवजी चक्क उतरायला लागलं! नळीत पाणीच नव्हतं, सेन्सर हवेत लटकत होता.

सरांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही पाण्याचं तापमान मोजताय की इंजिनचं?" आम्ही गप्प.

मग थर्मिस्टर सिलिंडर हेडच्या धातूवर बसवला. तिथे एक आट्यांचं रिकामं भोक होतं, त्यात स्क्रूने आवळला. हेडच्या मुख्य बोल्टला हात लावायचा नाही, त्याचा टॉर्क ठरलेला असतो. दाबासाठी बऱ्याच मोटरींच्या ब्लॉकवर एक बूच दिलेलं असतं. ते काढून तिथे निपल लावलं आणि बारीक नळीने सेन्सर गरम ब्लॉकपासून दूर नेला. निपल नायलॉनचं घेतलं, कारण ॲल्युमिनियममध्ये पितळ आणि वर खारं पाणी म्हणजे छोटी बॅटरीच झाली. त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं.

तार तुटली तर?

दाबाचा सेन्सर ० ते ३० पीएसआयचा. ५ व्होल्ट दिले की शून्य दाबाला ०.५ व्होल्ट आणि पूर्ण दाबाला ४.५ व्होल्ट देतो. म्हणजे १२ पीएसआयला २.१ व्होल्ट. शून्याला ०.५ कशाला, हा प्रश्न मला लेक्चरमध्ये कधी पडला नव्हता. उत्तर होडीवर मिळालं. तार तुटली की ० व्होल्ट येतात, म्हणजे 'दाब नाही' आणि 'सेन्सर मेला' हे दोन निरोप वेगळे ओळखता येतात.

थर्मिस्टरचं मात्र उलटं आहे. तो तापला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो. आमचा २५ अंशांना १० किलोओहम होता, ६० अंशांना साधारण अडीच आणि ९० ला एकाच्याही खाली. त्याची तार तुटली तर सर्किटला रेझिस्टन्स अनंत दिसतो, म्हणजे इंजिन बर्फासारखं थंड! खारट हवेत तारा तुटणारच. म्हणून ४.८ व्होल्टच्या वरचं रीडिंग 'थंड' न मानता 'बिघाड' मानायचं, असं प्रोग्रॅममध्ये लिहिलं.

दोघांची साक्ष

एकट्या सेन्सरवर विश्वास ठेवू नये, दोघांना एकत्र विचारावं:

१. दाब कमी, तापमान चढतंय: पाणी येत नाही. जाळी अडकली किंवा इंपेलर गेला.
२. दाब नेहमीपेक्षा जास्त, तापमान चढतंय: पंप ठीक, पुढची वाट तुंबली. मीठ किंवा बंद अडकलेला थर्मोस्टॅट.
३. दाब कमी, तापमानही कमी: थर्मोस्टॅट उघडाच अडकला असावा.
४. दाब नेहमीसारखा, तापमान चढतंय: आधी तेल आणि खुद्द सेन्सर तपासा.

यात 'नेहमीचा दाब' हा शब्द महत्त्वाचा. इंजिन मंद असताना एक-दोन पीएसआय चालतात, पण फुल थ्रॉटलला तेवढेच आले तर धोका. म्हणून नवा इंपेलर टाकून त्याच मशीनची निरनिराळ्या वेगांची रीडिंग आधी वहीत लिहून घेतली. आणि पिशवी अडकली की आधी दाब पडतो, धातू नंतर तापतो. मधला तो थोडा वेळ, तेवढाच काय तो आपला फायदा.

आमची हौसेने लावलेली स्क्रीन उन्हात दिसेना. काका म्हणाले, "पोरांनो, आकडे तुम्ही वाचा. मला एक लाल दिवा द्या आणि मोठा आवाज द्या." तसं करून दिलं. दिवाळीनंतर एकदा तो आवाज झाला. काकांनी मशीन बंद करून वर उचलली, जाळीवरचं प्लास्टिक काढलं आणि दहा मिनिटांत पुढे निघाले. तेव्हाही ओहोटीच होती.

मी त्यांना विचारलं, आता धारेकडे बघत नसाल ना? ते म्हणाले, "बघतो की! तुमचा बझर वाजेल तेव्हा वाजेल, मी डोळे काय घरी ठेवून जाऊ?"

ज्युनियर्सनो, प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये हे वाक्य लिहायचं राहून गेलं, म्हणून इथे लिहिलं.