बंडखोर कोणाला म्हणावे?



तिरोडा तालुक्यात नागझिऱ्याच्या जंगलालगत चोरखमारा हे गाव आहे. गावाला मोठा तलाव आहे. त्याच्या काठावर आज कोणी ओंजळभर पाणी प्याले तर त्याला कोणी बंडखोर म्हणणार नाही. परंतु २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी प्याले, ते मात्र बंड ठरले.

आपण दीक्षा घेतली तेव्हा आपल्यालाही हा शब्द ऐकावा लागला असेल. "वाडवडिलांचे देव टाकले, बंड केले," असे सोयरे म्हणतात. आपल्यातील काही तरुण तोच शब्द छाती फुगवून मिरवतात : आम्ही बंडखोर, आम्ही कोणाचेच ऐकत नाही! या दोघांनाही बंडाचा अर्थ कळलेला नाही असे आम्हास वाटते. तो महाडलाच नीट कळतो.

चवदार तळे नगरपालिकेच्या मालकीचे होते. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करावेत असा बोले यांचा ठराव १९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात मंजूर झाला होता, आणि महाडच्या नगरपालिकेने तो मान्यही केला होता. म्हणजे कायदा आपल्या बाजूचा होता. तरीही पाण्याला हात लावताच परिषदेहून परतणाऱ्या आपल्या माणसांवर लाठ्या चालल्या. त्यांच्यात पलटणीतून आलेले जवान होते, उलट वार करण्याची ताकद त्यांच्या मनगटात होती. बाबासाहेबांनी त्यांना आवरले. पुढे १०८ घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. गुरे तळ्याचे पाणी पीत, तेव्हा मात्र ते बाटत नव्हते!

डिसेंबरात दुसरी परिषद भरली. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तो ठराव गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या ब्राह्मण गृहस्थाने मांडला होता, हे ध्यानात ठेवा. बंड माणसाच्या जातीशी नव्हते, ग्रंथाच्या हुकमाशी होते. आणि त्याच परिषदेत दुसरी गोष्ट घडली, जी आपण मुलांना सांगायचे विसरतो. स्पृश्यांच्या फिर्यादीवरून न्यायालयाने तळ्यावर जाण्यास तात्पुरती मनाई केली होती. हजारो लोक तळ्यावर जाण्यास उतावीळ झाले होते. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब करविला, आणि लोक शहरातून शांतपणे मिरवणूक काढून परतले.

मनूचा हुकूम जाळणारा पुरुष कोर्टाचा हुकूम का पाळतो? तो भ्याला म्हणून? मुळीच नाही. मनूच्या हुकमापुढे आपले म्हणणे मांडण्याची सोय नव्हती. कोर्टात प्रतिपक्षाला विचारता येत होते : तुझ्या अधिकाराला पुरावा काय? हा प्रश्न दहा वर्षे लढविला गेला. तळ्यावर केवळ आपलाच हक्क, ही वहिवाट अनादी काळापासूनची, असे फिर्यादींचे म्हणणे होते. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने निकाल दिला की ती अनादी वहिवाट सिद्ध झालेली नाही. ज्या रूढीपुढे पिढ्या वाकल्या, तिला कागदावर पुरावाच नव्हता!

हाच प्रश्न तथागतांनी केसपुत्तच्या कालामांना शिकविला होता. परंपरेने आले म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, किंवा सांगणारा आपला गुरू आहे म्हणूनही मानू नका. हिताचे की अहिताचे ते स्वतः पारखा. येथे भगवंतांनी स्वतःलाही वगळलेले नाही. बाबासाहेबांनीही २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत इशारा दिला होता की राजकारणात विभूतिपूजा अधोगतीकडे नेते. तेव्हा बाबासाहेबांचे नाव घेऊन कोणी पुढारी हुकूम सोडू लागला, तर त्यालाही आधार विचारावा. त्यात बाबासाहेबांचा अवमान होत नाही.

आता बावीस प्रतिज्ञा पाहा. आरंभीच्या प्रतिज्ञांत बहुतेक नकार आहेत : या देवाला मानणार नाही, श्राद्धपक्ष करणार नाही. परंतु पुढे अष्टांगिक मार्ग येतो, पारमिता येतात, चोरी न करणे, खोटे न बोलणे, दारू न पिणे येते. जुने जू उतरविणाऱ्याने स्वतःच स्वतःला घातलेला हा लगाम आहे. देव्हारा उचलून टाकला आणि संध्याकाळी मोहाची दारू पिऊन बायकोवर हात उगारला, तर त्या घरात बंड झाले असे कसे म्हणावे? तेथे मनू अजून जेवायला बसतो.

सर्वांत अवघड जागा घरातच आहे, म्हणून स्पष्ट लिहितो. मूल तापाने फणफणले की म्हातारी मांत्रिकाचे नाव काढते. सून म्हणते, दवाखान्यात नेऊ. त्या वेळी घरधनी कोणाच्या बाजूने उभा राहतो? दहावी झालेली मुलगी पुढे शिकतो म्हणते आणि बाप म्हणतो, "मी सांगतो म्हणून नाही." हे वाक्य आपण कोठे ऐकले होते, आठवा. आपल्या आज्यापणज्यांना पाणवठ्यावरून हाकलणाऱ्यांपाशीही याहून दुसरे कारण नव्हते.

येत्या पौर्णिमेला वंदना झाल्यावर एवढे करा. दिवा मध्ये ठेवून सारे जण बसा आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला विचारा : आपल्या घरी कोणती गोष्ट केवळ कोणी सांगितली म्हणून होते? त्याने तुमचेच नाव घेतले तर डोळे वटारू नका. कारण सांगता येते का ते पाहा, आणि सांगता आले नाही तर तसे त्याला सांगा.