द्राक्ष सल्ला : डाऊनी बागेत येतो कुठून?

ऑक्टोबर छाटणीनंतर पोंगा ते फुलोरा डाऊनीला जपा. दमट रात्री रोगट पानाखाली पांढरी वाढ येते, तेच बीजाणू. सकाळी हवा सुकली की वाऱ्याने शेजारच्या बागेत जातात. पान दोन-तीन तास ओलं राहिलं की आत शिरतात. तेलकट डाग काही दिवसांनी दिसतो, तोवर उशीर होतो. घडावर गेला तर घडच जातो.

भुरीला मात्र ओलं पान लागत नाही. दाट, सावलीची बाग पुरते.

✅ फेलफुटी काढा, हवा खेळू द्या.
✅ रोगट पानं बागेबाहेर पुरा.
✅ पाऊस-दव असेल तर डागाची वाट न बघता फवारा, पानाखालूनही. मात्रा लेबलप्रमाणेच.
✅ डाग दिसला तर शेजाऱ्यालाही सांगा. वारा बांध बघत नाही.