ईसीजी नॉर्मल, तरी धडधड

प्रश्न : मी २९ वर्षांचा, समलिंगी. घरी स्थळांचा विषय निघाला की छाती धडधडते, झोप लागत नाही. ईसीजी नॉर्मल आहे. मग हे काय?

उत्तर : थायरॉइड एकदा तपासून घ्या. पण त्रासाचं मूळ बहुधा लपवण्यात आहे, समलिंगी असण्यात नाही. फोन कोणी पाहील का, कोण काय विचारेल, या धास्तीत शरीर सतत सावध राहतं. झोप उडते, रक्तदाबही वाढू शकतो. अनेक जण मग दारू जवळ करतात, डॉक्टरांपासूनही लपवतात आणि एचआयव्हीची तपासणी लांबते. याची मला जास्त काळजी वाटते. ‘बदलून देतो’ म्हणणाऱ्याकडे मुळीच जाऊ नका. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहेत. टेली-मानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मराठीतून मोफत बोलता येतं. लग्नाला होकार देण्याआधी हा फोन कराच.